पाच गॅलनांची बादली

आमच्या यॉर्कशरमधल्या गिरणी गल्लीत त्या काळी घरोघरी बिअर बनायची. डब्यातला माल्टचा काकवीसारखा पाक गरम पाण्यात कालवायचा, बादली भरायची, यीस्ट टाकायचं आणि बादली गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवायची. तिथे वाळणारे माझे टॉवेल मग जिन्यावर.

त्या वर्षी माझ्या नवऱ्याने, विल्फने, साऱ्या बँडला शब्द दिला होता. बागेतल्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात प्रत्येकाला घरच्या बिअरचा एक ग्लास. बँडमास्तर ऑर्मरॉड यांनी बजावलं होतं, "हलकी हवी, विल्फ. माझी माणसं डुलायला लागली तर तुझा सोलो नेव्हिल वाजवेल." त्या सोलोची विल्फने किती वर्षं वाट पाहिली होती!

पाक कालवून झाला. विल्फने घनता मोजायची काचेची नळी त्यात सोडली आणि मटकन बसला.

"आयव्ही, चाळीस यायला हवेत. अठ्ठेचाळीस दाखवतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे गोडी जास्त. जेवढी गोडी, तेवढी नशा. तू साखर घातलीस का?"

"मला चहात घालायला पुरत नाही, तुझ्या बादलीत कुठून घालू?"

त्याने तळापासून ढवळलं. अठ्ठेचाळीस. गार होऊ दिलं. अठ्ठेचाळीस. नळीच बिघडली असेल म्हणून ती साध्या पाण्यात सोडली, तर तिथे बरोबर शून्य. मग त्याने डब्याला शिव्या दिल्या, डबा विकणाऱ्याला दिल्या, आणि शेवटी बिचाऱ्या यीस्टलाही दिल्या. ते अजून पुडीतच होतं.

"पाणी कमी पडलं असेल," मी म्हटलं.

"पाच गॅलनच्या रेघेपर्यंत भरलंय! आंधळा आहे का मी?"

ती बादली माझ्या बहिणीने, नेलने, ओहायोहून पाठवलेली. जोडी होती. दुसरीत मी चादरी भिजवायचे. पाच गॅलनला डब्यावर लिहिलीय तेवढीच साबणाची पावडर टाकायचे, तरी फेस दारापर्यंत यायचा. मी ती बादली ओढली आणि दुधाच्या पाइंटच्या बाटलीने पाणी मोजून घालायला लागले. आमचा इंग्लंडचा गॅलन आठ पाइंटांचा, म्हणजे रेघेपर्यंत चाळीस बाटल्या जायला हव्यात. चौतिसावीलाच पाणी रेघेवर चढलं.

"विल्फ, अमेरिकेचा गॅलन ठेंगणा आहे रे!"

तो हसला नाही. "म्हणजे आता वरून पाणी घालू? बिअरमध्ये?"

खाली कोपऱ्यावरच्या गुत्तेवाल्याने एकदा बिअरमध्ये पाणी घातलं होतं. तो मेला, तरी त्याच्या नातवाला लोक त्यावरून टोमणे मारत.

"अरे, अजून बिअर झालीच नाहीये. गोड पाणी आहे ते."

"पाणी ते पाणी."

"बरं. मग नेव्हिलचा सोलो ऐकू."

त्याने उठून पडदे ओढले. उकळून गार केलेलं पाणी बाटलीत भरलं आणि चोरासारखं ओतायला लागला. सहावी बाटली कलती असतानाच मागचं दार उघडलं. ऑर्मरॉड कधी टकटक करायचे नाहीत.

"विल्फ! बिअरमध्ये पाणी?"

कडक झाली होती असं सांगावं तर सोलो जाणार. विल्फ कानापर्यंत लाल झाला. "हो," तो म्हणाला. "पाणीच."

ऑर्मरॉड खुर्चीवर टेकले. "आयुष्य गेलं माझं बँडमध्ये. वाजवणारा आपल्या हाताने बिअर पातळ करतोय, हे आज पहिल्यांदा बघतोय. सोलो तुझाच रे बाबा!"

पण त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी नेव्हिलने ग्लास पुढे केला. "दे रे, आधी तहान भागवतो. बिअर मग कुठेतरी पिऊ." सगळे खिदळले, सगळे प्यायले, कुणी डुललं नाही. मग विल्फ आपलं भलंमोठं पितळी वाद्य, युफोनियम, पोटाशी धरून उभा राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "नळ सुटला रे!"

बाग हसली. विल्फने डोळे मिटले आणि सूर लावला. दुसऱ्या ओळीला हसू थांबलं. तिसरीला नेव्हिलने टोपी काढून मांडीवर ठेवली.

विल्फ नळ हे नाव मात्र त्याला जन्मभर चिकटलं. रस्त्यात कुणी तशी हाक मारली, की तो खुशाल "ओ" द्यायचा.