तुटक्या गुण्याची खूण

मामीचा भाचीला फोन आला. "मामा सकाळपासून बसस्टॉपवर बसलाय. बस येतात, जातात, हा काही उठत नाही. तूच ये बाई."

बसच्या नव्या मार्गांची पोस्टरं तिथं लागली होती, आणि ती भाचीनंच केली होती. म्हणजे, केली म्हणायचं. मामानं चाळीस वर्षं अक्षरं घडवली; जाड, सरळ, अंगावर एक दागिना नसलेली. त्याच्या कपाटातली सगळी पोस्टरं तिनं "जपून ठेवायला" म्हणून स्कॅन केली आणि ऑफिसात, नमुने बघून तसंच नवं काढणाऱ्या मशीनला चारली. दुपारच्या चहाच्या आत मशीननं हुबेहूब तसेच आकडे काढून दिले. साहेब खूश. मामाला सांगायचं ती आज-उद्या करत राहिली, आणि खरं तर सांगणारच नव्हती.

मामा बाकावर बसला होता, मांडीवर टोपी. समोर पोस्टरवर पुरुषभर उंचीचा पाचाचा इंग्रजी आकडा.

"हे मी कधी केलं गं?" त्यानं विचारलं.

ती त्याच्या शेजारी बसली.

"आडव्या रेघेचं टोक बघ. बारीकशी खाच आहे. माझ्या गुण्याचा, त्या काटकोन आखायच्या पट्टीचा, कोपरा उडालाय ना, त्याची. म्हणजे हात माझाच. पण काही केल्या आठवत नाही." त्याचा आवाज खाली आला. "मामीला बोलू नकोस. उद्या डॉक्टरकडे जातोय. थोरल्या भावाचंही विसरणं असंच सुरू झालं होतं."

ती खाच तिनंही पाहिली होती. मशीनची चूक असेल, पण दिसते छान, म्हणून ठेवली होती. "जुनं असेल रे काहीतरी," एवढं म्हटलं असतं की ती सुटली असती. शब्द जिभेवर आलेही होते, याची लाज तिला जन्मभर पुरेल.

"मामा, ते तू नाही केलंस. मशीननं केलं. तुझी पोस्टरं मी त्याला दिली. तुला न विचारता."

मामानं तिच्याकडे पाहिलं. मग तिचा हात धरला आणि हसला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "म्हणजे डोकं शाबूत आहे माझं." त्यानं तिचा हात थोपटला. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

एक बस आली, गेली. मामाचं हसू ओसरलं. तो पुन्हा त्या पाचाकडे बघत राहिला.

"मला वाईट कशाचं वाटत होतं, सांगू?" तो म्हणाला. "आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम हातून झालं, आणि नेमकं तेच मी विसरलो."