उजव्या हाताचा दिवा

लोकांची तिकिटं आणि राहायच्या खोल्या बुक करून देणं हा माझा धंदा. त्यात मी शिकले ते एवढंच, की परकं गिऱ्हाईक परवडतं, घरचं नाही. परकं फार तर भांडून जातं. घरचं जेवायला वाढता वाढता विचारतं, "झालं का माझं काम?"

यंदा लेस विणणाऱ्यांचं तीन दिवसांचं संमेलन पाच तासांच्या अंतरावरच्या शहरात होतं. आईनं मला यादी दिली. नक्षी काढायच्या चौकटीच्या कागदावर, कारण साध्या कागदावर ती फक्त वाणसामान लिहिते. बस सकाळची हवी. रस्ता वळणांचा नको. सीट दोन, एक तिला आणि एक उशीला.

ही उशी डोक्याखाली घ्यायची नव्हे. भुसा ठासून भरलेली, परातीएवढी गोल. तिच्यावर नक्षीचा कागद, कागदावर शेकडो टाचण्या, आणि टाचण्यांमधून फिरणारे दोरे चाळीस लाकडी बॉबिनवर गुंडाळलेले. उशी जरा कलली की सगळ्या बॉबिन एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि महिन्याचं काम पाण्यात जातं. हे मला पटतं. पण मी सात वर्षांची होईपर्यंत ही बाई मला मांडीवर कोंबून माझं अर्धं तिकीटही चुकवत असे, हे मी विसरलेले नाही. उशीला मात्र पूर्ण तिकीट.

पुढे खोली. तळमजल्यावरची, डगमगत नाही असं टेबल, दोन पलंग. दुसरा कोणासाठी, असं विचारलं तर म्हणाली, येईल कोणीतरी, मंडळात बायांची काय वाण आहे. आणि शेवटची ओळ: टेबलावर एक दिवा डाव्या हाताला, एक उजव्या हाताला.

तिथे मी हसले. आई टाचण्या उजव्या हातानं खोचते. तिला उजेड डावीकडून लागतो, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कामावर पडते. उजवीकडचा दिवा लागतो डावखुऱ्या माणसाला, आणि तिच्या अख्ख्या मंडळात डावखुरी एकच आहे. माझी काकू.

काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. राहते आमच्याच गल्लीत. दोघी चार वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. चार वर्षांपूर्वीच्या संमेलनात दोघी एका खोलीत उतरल्या होत्या. दिवा एकच होता, आईच्या सोयीचा. काकूच्या कामात एक फेरा चुकला, आणि दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात, पन्नास बायांदेखत, आई म्हणाली, "उलट्या हाताचं काम, उलटंच व्हायचं." बायका हसल्या. काकूनं उशी उचलली आणि एकटीच परत आली. तेव्हापासून एक भाजी घ्यायला निघाली की दुसरी दारातून मागे फिरते. काकूचं आमच्या घरी येणंही बंद झालं, आणि मला तिची फार आठवण यायची. लेस मला दोघींनी मिळून शिकवली होती आणि दोघींनाही मी नीट जमवून दाखवली नाही.

"सरळ विचार की तिला," मी आईला म्हटलं.

आई म्हणाली, दिवा आपला असावा म्हणून लिहिलाय, हल्ली उजेड कमी पडतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमच्या आईचा हात धरणारं कोणी नाही.

सहा लॉजवाल्यांनी दोन दिवे म्हटल्यावर विचारलं, तुम्ही ऑपरेशन करणार आहात का. सातवा स्वतःच्या ऑफिसातला दिवा द्यायला तयार झाला.

चार दिवसांनी काकू माझ्या ऑफिसात आली. संमेलनाला जायचं म्हणाली. एकटीची खोली हवी, आई असेल त्या लॉजमध्ये नको, आई असेल त्या बसनं तर मुळीच नको. मी म्हटलं, आई सकाळच्या बसनं जातेय. मग दुपारची दे, म्हणाली. दुपारच्या बसनं गेली असती तर पोचेपर्यंत नोंदणी बंद होऊन तिची लेस प्रदर्शनात लागलीच नसती, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आमच्या घरात दोन्ही जावांना सारखंच लागू.

मला यात पडायचं नव्हतं. तरी मी खणातून आईची यादी काढून तिच्यापुढे ठेवली.

काकूनं चष्मा लावला. उशीच्या सीटपाशी नाक मुरडलं, न डगमगणाऱ्या टेबलापाशी मान हलवली. शेवटच्या ओळीवर मात्र ती थांबली, आणि ती ओळ तिनं पुन्हा वाचली.

"हे तुझ्या आईनं लिहिलंय?"

"अक्षर ओळखत नाहीस?"

तिनं कागदाची दुमडलेली कड बोटानं सरळ केली. मग म्हणाली, "मला दिसत नाहीये, असं मी त्या रात्री सांगितलंच नाही गं. वाटलं, तिला कळेल."

"कळलं. उशिरा कळलं."

चष्मा पुसायला तिला जरा जास्तच वेळ लागला. "सकाळचीच दे," ती म्हणाली. "आणि तिला सांग, खिडकी माझी."

बस तोवर भरली होती. उरली होती ती उशीची सीट. मी आईला सांगितलं तेव्हा ती चार दिवस कुरकुरली, एवढ्या मोठ्या उशीचं आता करायचं काय म्हणून. पण सीट काकूला देऊ नकोस, असं एकदाही म्हणाली नाही.

निघायच्या दिवशी त्यांच्या पिशव्या वर ठेवायला मी बसमध्ये चढले. काकू खिडकीशी, तिची लेस केव्हाच पुरी होऊन पिशवीत घडी घातलेली. आईची नेहमीप्रमाणे अर्धी, मांडीवरच्या उशीवर. "आलीस," आई म्हणाली. "आले," काकू म्हणाली. चार वर्षांनंतर एवढंच, आणि दोघी समोर बघायला लागल्या.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, गचका बसला, चाळीसच्या चाळीस बॉबिन खडखडल्या. आई उशीवर वाकायच्या आधी काकूचा डावा हात तिथे पोचला होता. तिनं दोरे दाबून धरले, नक्षी पाहिली, आणि म्हणाली, "इकडे ओढ जरा. पाच तास एकटीला पेलायची नाही."

उशी दोघींच्या मांड्यांवर आली आणि लगेच कलली, कारण काकू आईपेक्षा चार बोटं ठेंगणी. आईनं पाय पुढे सरकवले आणि आपले गुडघे खाली घेतले.