बिनमिठाचा डबा

"डाकार! डाकार! चला, एकच जागा उरलीय, एकच..."

पुढचा शब्द बिराम सारच्या घशातच राहिला. जागा खरं तर चार उरल्या होत्या, पण ते रोजचंच होतं. आज वेगळं झालं ते असं, की समोरची गाडी, तिच्या टपावर बांधलेले मेंढे आणि त्यांच्या दोऱ्या आवळणारा तिचा ड्रायव्हर लातीर, सगळंच हळूहळू एका बाजूला कलायला लागलं. काओलाकच्या गाडीतळावरच्या धुळीत बिराम गुडघ्यांवर बसला. बघणाऱ्यांना वाटलं, काहीतरी पडलंय, शोधतोय. लातीरने मात्र टपावरून थेट उडी टाकली.

"अरे ए, काय होतंय? इकडं बघ, माझ्याकडं!"

"आवाज... आवाज निघत नाहीये रे."

"आवाजाला घाल चुलीत. आधी श्वास घे!"

अर्धी भरलेली गाडी तशीच सोडून, आत बसलेल्या उतारूंच्या शिव्या खात लातीरने त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या दियाता सिस्टरने बिरामच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली आणि विश्वास बसत नसल्यासारखी पुन्हा भरली.

"पा बिराम," वडीलधाऱ्यांना लावायचं ते 'पा' लावून तिने विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

"सार."

"म्हणजे सेरेर. मग बरंच झालं. आम्ही जोला लोक तुमचे मालक. गुलामानं मालकिणीचं ऐकायचं असतं."

या दोन जमातींची ही थट्टा पिढ्यान् पिढ्यांची. बिरामला तशातही हसू आलं. "मालकीण म्हणे! भात खाऊन सावलीला लोळणारी माणसं तुम्ही."

"लोळते, पण माझे पाय सुजलेले नाहीत." तिने त्याच्या घोट्यावर बोट दाबलं, काढलं. मांसात खळगा तसाच राहिला. मग तिचा आवाज बदलला. "हृदय थकलंय, पा बिराम. आत पाणी साठायला लागलंय. आजपासून मीठ बंद. त्या मसाल्याच्या वड्या बंद, त्यात निम्मं मीठच असतं. खारवलेला मासा बंद, सिगारेट बंद. चहात साखर घालता की साखरेत चहा?"

"मग खाऊ काय? हवा?"

"हवाही खा, रोज पहाटे, चालत. बाजरी खा, चवळी खा, पाला खा, ताजा मासा खा. लिंबू पिळा, अंबाडी घाला. आंबट असलं की जीभ फसते. घरी सांगून ठेवा, तुमच्या वाट्याचं आधी बाजूला काढायचं आणि मगच मीठ घालायचं."

बिरामने मान हलवली. घरी सांगायला कोणी नव्हतं, हे त्याने सांगितलं नाही.

तो गाडीतळावरचा पुकाऱ्या. डाकारला जाणाऱ्या सात जागांच्या गाड्या आरडून ओरडून भरून द्यायच्या, हे त्याचं काम. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो तेच करत आला होता. बायको सिरा वारली होती. मुलगी मोसान दूर दक्षिणेला, झिगिंशोरला नांदत होती, शुक्रवारी फोन करायची, "जेवलात ना बाबा?" विचारायची आणि तो "हो" म्हणायचा. एका मोठ्या अंगणाभोवतीच्या खोल्यांपैकी एक खोली त्याची होती, पण तिथे तो फक्त पाठ टेकायला जाई. त्याचं घर म्हणायचं तर गाडीतळाच्या कडेचं ते कडुनिंबाचं झाड. त्याखाली नोगाय नावाची बाई माशाचा भात रांधायची. भली मोठी परात मध्ये ठेवली जायची आणि पुकारे, ड्रायव्हर, हमाल खांद्याला खांदा लावून भोवती बसायचे. नोगाय मासा मोडून प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक तुकडा सारायची. सिरा गेल्यानंतरचे दिवस बिरामने काढले ते त्या तुकड्यांवर. खरं तर ते कुणीतरी आपल्या पुढ्यात सारतंय, यावर.

"नोगाय, माझ्यापुरतं मिठाच्या आधी काढता येईल का गं?"

"आधी म्हणजे कधी? मासा सकाळपासून मिठात आहे. कांद्याबरोबर वड्या पडतात. तांदूळ त्याच पाण्यात शिजतो. तुझ्या एकट्यासाठी दुसरी चूल मांडू? त्यापेक्षा लग्नच करून टाकू आपण!"

सगळे खो खो हसले. बिरामही हसला आणि त्याने परातीत हात घातला. सिस्टरनं दिलेल्या गोळ्या घेतोय ना आपण, मग झालं तर.

काही आठवडे गेले. एका पहाटे त्याला आडवंच होता येईना. आडवा झाला की छातीत विहीर भरल्यासारखी व्हायची. तो भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून बसून राहिला. अंगणात झाडायला उठलेल्या शेजारणीने त्याला पाहिलं आणि घोडागाडी बोलावली.

या वेळी दियाता सिस्टरने थट्टा केली नाही. नळ्या, सुया, सगळं लावून झाल्यावर ती त्याच्या खाटेशी उभी राहिली.

"परातीतलं खात होतात ना?"

"सिस्टर, बाजूला बसून खाल्लं तर लोक काय म्हणतील?"

"ते मला माहीत नाही. बाजूला बसून खाल्लं नाही, तर लोक तुमच्या मय्यतीची नमाज कुठं पढतील, ते माहीत आहे."

बरा होऊन आल्यावर बिरामने बाजारातून एक लहान पातेलं आणि झाकणाचा पसरट डबा आणला. पहाटे शहराबाहेरच्या रस्त्याने, मिठागरांच्या पांढऱ्या ढिगांपर्यंत चालत जायचं, परत येऊन बाजरीच्या कण्या वाफवायच्या, चवळी किंवा ताज्या माशाचा तुकडा शिजवायचा, अंबाडीचा पाला घालायचा. आधी बायकोच्या, मग नोगायच्या हातचं खाल्लेला माणूस. पहिल्या दिवशी त्याने कण्यांचा चिखल केला. मिठाशिवाय तो घास तोंडात नुसता फिरत राहायचा, खाली जायचं नाव घ्यायचा नाही. पण दुपारी परातीची हाक आली की तो डबा घेऊन तिकिटांच्या बाकड्यामागे जाऊन बसायचा.

पहिले काही दिवस चेष्टा झाली.

"काय पा बिराम, गोऱ्यांसारखं ताट वेगळं?"

"डब्यात कोंबडी दिसतेय. म्हणून लपून खातोय!"

"बघा तरी उघडून," बिराम म्हणायचा. एकाने बघितलं, बोटाने चाखलं आणि थुंकला. "हे तर माझ्या मेंढ्यालाही आवडणार नाही."

चेष्टा होती तोवर बरं होतं. पुढे ती संपली. परातीभोवतीच्या मंडळींनी हळूच सरकून त्याची जागा भरून टाकली. त्या मुलखात एकटा खाणारा माणूस म्हणजे एकतर चिक्कू, नाहीतर चेटक्या. आणि बिराम चिक्कू नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. हमालांमधला एक जण त्याने देऊ केलेलं पाणीसुद्धा घेईनासा झाला. ओरडण्याचं कामही गेलं. डॉक्टरांनी मनाई केली होती. डाकारचा पुकारा आता दुसराच एक जण करायचा आणि बिराम बाकड्यावर बसून तिकिटं फाडायचा. धाप मात्र लागेनाशी झाली होती. पायांवरची सूज उतरली, घोट्याचं हाड पुन्हा दिसायला लागलं. हे कुणाला तरी दाखवावंसं त्याला वाटे.

दाखवायला लातीर तेवढा होता. गाडी लागली की तो बाकड्यावर येऊन टेकायचा, डब्यात डोकावून तोंड वाकडं करायचा. "त्या सिस्टरनं तुझ्यावर करणी केलीय. बाकी काही नाही." पण टेकायचा.

एका संध्याकाळी तो बिरामच्या खोलीवर आला आणि दारातच उभा राहिला.

"सुनेला मुलगा झाला."

"देव त्याला मोठं आयुष्य देवो! ये, बस की."

"बसत नाही. नाव सांगायला आलोय." लातीरने घसा खाकरला. "बिराम ठेवतोय."

आपलं नाव दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या पोराच्या अंगावर वाढणार. याहून मोठा मान माणूस माणसाला देत नाही. त्याने लातीरचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

बारशाला तो कडक इस्त्रीचा निळा झगा घालून गेला. पोराचं डोकं भादरलं गेलं, इमामाने कानात नाव फुंकलं, तान्हा बिराम मोठ्या बिरामच्या मांडीवर आला आणि झग्यावर मुतला. सगळे हसले. बिराम इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुपारी मांसाचा भात आला. ज्याचं नाव दिलं त्याचा मान म्हणून पहिली परात त्याच्यापुढे ठेवली गेली. वर मेंढ्याची अख्खी मांडी, तेलाने चकाकणारा भात. आजूबाजूच्या माणसांनी हात आवरून धरले. आधी त्याने घ्यायचं होतं.

बिरामने घास घेतला. मीठ जिभेवर पसरलं आणि कानशिलं गरम झाली. नोगायची परात, सिराची चूल, लग्नातली जेवणं, सगळं त्या एका घासात होतं. हात आपसूक दुसऱ्या घासाकडे गेला. मग त्याला ती पहाट आठवली, छातीत भरत चाललेलं ते पाणी आठवलं. त्याने हात मागे घेतला आणि जवळच्या भांड्यात धुतला.

बायकांमधून एक म्हातारी पुटपुटली, "ज्याचं नाव, त्यानंच हात आखडला. पोराला बरं नाही हे."

लातीर उठून त्याच्याजवळ आला आणि वाकला. "एवढंच?"

"तुला माहीत आहे ना रे, सिस्टर म्हणाल्यात..."

"एक दिवस, बिराम. माझ्या घरात, एक दिवस. तू धुळीत पडला होतास तेव्हा मी नव्हतो कुणाला विचारत बसलो."

"मला हे पोर चालताना बघायचंय, लातीर."

"बघ की," लातीर म्हणाला. "लांबनं बघ."

बिराम उठला, पोराच्या आईला आशीर्वाद दिला आणि चालत घरी आला. रस्ता लांबचा होता, पण त्याला कुठेही थांबून दम घ्यावा लागला नाही.

त्यानंतर लातीर बाकड्याकडे फिरकला नाही. तिकिटांचा हिशेब दुसऱ्याच्या हाती पाठवू लागला. पुढे पोर बसायला लागलं, असं बिरामच्या कानावर आलं. तेही नोगायकडून.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी बिरामने बाकड्यामागे डबा उघडला आणि रिवाजाप्रमाणे समोरच्याला म्हणाला, "या जेवायला." अन्न उघडणाऱ्याने असं म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने "जेवा, जेवा" म्हणून पुढे जायचं. समोर डाकारच्या गाडीचं तिकीट काढून, टोपली पायाशी घेऊन एक प्रौढ बाई उभी होती. तिने "जेवा" म्हटलं नाही. हात धुतला आणि डब्याच्या पलीकडे येऊन बसली.

बिराम गडबडला. "मीठ नाही हो यात."

"हं." तिने कण्यांचा गोळा वळून तोंडात टाकला, सावकाश चावला. "अंबाडी घातलीत. चांगलं केलंत. थोडा शेवग्याचा पालाही घालत जा."

ती दुसरा घास घेत म्हणाली, "आमच्या यांना असंच करून द्यायचे मी. यांचंही हृदयच."

"एकटेच बसायचे का जेवायला?"

"नाही हो. मी बसायचे त्यांच्याबरोबर. पोरं हसायची आम्हाला."

"आता कसे आहेत?"

"आता नाहीत," ती म्हणाली. "पण पोरांची लग्नं बघून गेले."

दोघं खात राहिली. कुणी घाई केली नाही. तिकडे नव्या पुकाऱ्याचा आवाज चढला, "डाकार! भरली, भरली! एक बाई राहिल्यात, कुठं गेल्या?" बिरामने वर पाहिलं. गाडी लातीरची होती. आतले उतारू उन्हात चुळबुळत होते. स्टिअरिंगमागे बसलेल्या लातीरची नजर बाकड्यामागे आली, डब्यावर टेकलेल्या दोन हातांवर थोडी थांबली आणि वळली. उतारूसाठी क्षणभर न थांबणारा म्हणून तो डाकारपर्यंत बदनाम होता.

"अहो ड्रायव्हर, बाईला हाक मारा ना!" कुणीतरी ओरडलं.

"जेवतायत त्या," लातीर म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला.

बाईने आपल्या बाजूचं नीट संपवलं, हात धुतला, "देव तुम्हाला तब्येत देवो" म्हणाली आणि टोपली उचलून गेली. दार लागलं, इंजिन सुरू झालं. लातीरने पुन्हा इकडे पाहिलं नाही. गाडी वळण घेऊन गाडीतळाबाहेर पडली आणि मागे धुळीचा लोट उठला. तो खाली बसेपर्यंत बिरामने डब्यावर तळहात आडवा धरला. मग हात काढला आणि आपल्या बाजूचं जेवण सावकाश संपवलं.