खाली कोण?

मित्रांनो, मी एक जुना जॅक आहे. मोटारगाडी उचलणारा. माझी कहाणी सुरू करण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, ती गाठीशी बांधा: माझ्यावर भरवसा ठेवू नका. हा माझा विनय नव्हे. विनय माझ्या घडणीतच नाही.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. चार लोखंडी चाके, एक लांब दांडा, वर गाडीला टेकणारी गोल वाटी आणि पोटात तेल. दांडा खालीवर हलवला की तेल दाबले जाते आणि वाटी वर चढते. दांडा डावीकडे पिळला की तेल माघारी जाते आणि वाटी खाली बसते. एवढेच माझे शिक्षण. पण वजन ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही. डिकीत कुणी छत्री विसरले असेल तर तीही मला कळते.

मला दोन भावांनी घरी आणले. थोरला भाड्याची गाडी चालवायचा, धाकटा छापखान्यात कामाला होता. घराशेजारी सिमेंटची अरुंद मोकळी जागा होती. एका बाजूला कुंपणाची भिंत, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचे दार. दर रविवारी थोरला तिथे गाडी उचलायचा आणि दुरुस्ती स्वतः करायचा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण माझी नवलाई नऊ वर्षे टिकली. काम झाले की तो मला फडक्याने पुसायचा आणि म्हणायचा, "गडी आहे हा!" मी आतून फुलून जायचो.

थोरल्याची शिस्त कडक होती. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना मागून-पुढून दगड. मग मला नेमक्या जागी लावायचे. तिथे त्याने पांढऱ्या रंगाची खूण केली होती. गाडी वर गेली की दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावायच्या आणि सगळा भार त्यांच्यावर सोडायचा. मग खांदा लावून गाडी जोरात हलवायची. "पडायची असेल तर आत्ताच पड बाई," तो गाडीला म्हणायचा, "मी खाली गेल्यावर नको."

आणि शेवटचा नियम. गाडी खाली सोडण्याआधी मोठ्याने विचारायचे, "खाली कोण?" मग वाकून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. मगच दांड्याला हात.

थोरल्याला एक मुलगी होती, टिकली. खरे नाव वेगळे, पण ते फक्त शाळेच्या दाखल्यावर. तिला हसवायला थोरला "खाली कोण?" असे विचारून स्वतःच घोगऱ्या आवाजात उत्तर द्यायचा, "कोणी नाही!" टिकली खदखदून हसायची. पुढे उत्तर द्यायचे काम तिनेच घेतले. बाप विचारायचा आणि ती स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायची, "कोणी नाही!" उत्तर असे झटपट मिळू लागल्यावर वाकून बघणे हळूहळू मागे पडले. जीव वाचवायचा नियम होता, त्याचा खेळ झाला आणि कुणाच्या ध्यानातही आले नाही. माझ्या आले होते. पण मला तोंड कुठे आहे?

टिकली सात वर्षांची होती तेव्हाचा तो रविवार. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. काम संपले होते. चाके बसवून झाली, घोड्या काढल्या, गाडीचे तोंड आता फक्त माझ्या वाटीवर होते. धाकटा हात धुवायला आत गेला. तेवढ्यात थोरल्याला आठवले, पाना खालीच राहिला. एका मिनिटाचे काम! त्याने टॉर्च दातांत धरली आणि भिंतीकडच्या बाजूने आत सरकला. समोरून त्याचे पायही दिसत नव्हते.

धाकटा हात पुसत आला. दांड्यावर हात ठेवून त्याने विचारले, "खाली कोण?"

खालून आवाज आला, "हं." दातांत टॉर्च असली की एवढाच येतो. धाकट्याला तो ऐकू गेला नाही.

दारातून टिकली ओरडली, "कोणी नाही!"

धाकटा तिच्याकडे बघून हसला. मग त्याने दांडा पिळला.

मी खाली उतरू लागलो. मध्येच एक क्षण वजन किंचित कमी झाले, कुणी खालून हात दिल्यासारखे. मग पुन्हा होते तेवढे झाले.

पुढचे मी सांगणार नाही.

त्या घरात यावर कधीच कुणी बोलले नाही. टिकलीला कुणी रागावले नाही आणि कुणी जवळ घेऊन समजावलेही नाही. तिच्या आईने गाडी काढून टाकली, घोड्या देऊन टाकल्या. मला जिन्याखाली पोत्यात टाकले. धाकटा आठवड्यातून दोनदा घरी येऊन भाजी, दळण, दुरुस्त्या बघायचा, पण जिन्यापाशी आला की मान वळवून जायचा. टिकली मोठी होत गेली. दारावर कुणी येऊन "घरात कोणी मोठं आहे का?" असे विचारले तर ती म्हणायची, "मी आहे." तिच्याशिवाय घर रिकामे असले तरी "कोणी नाही" हे दोन शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत.

पोत्यात माझे तेल घट्ट झाले, तेल अडवणारे रबरी सील वाळले, अंगावर गंज चढला. कष्ट मला चालतात. विस्मरण सोसवत नाही.

मधल्या काळात एकदाच मी बाहेर पडलो. शेजारच्या शिंप्याच्या गाडीचे चाक बसले, म्हणून तो मला मागून घेऊन गेला. गाडी कसली, डबाच तो. आत माणूस नाही, डिकीत सामान नाही. तो दांडा मारू लागला आणि मला वजन कळले. मी चमकलो. गाडी होती तेवढीच होती. पण भार एका माणसाएवढा जास्त होता.

शिंपी धापा टाकत म्हणाला, "एवढीशी गाडी, एवढी जड कशी?"

तेव्हा गाडीखालून आवाज आला. "हं."

शिंप्याने वाकून बघितले. खाली सिमेंट होते आणि त्याच्या गाडीची सावली. त्याने कसेबसे चाक बदलले, मला आणून पायरीवर ठेवले आणि हाकही न मारता निघून गेला. त्यानंतर तो आमच्या भिंतीच्या कडेने गेल्याचे मी कधी ऐकले नाही, आणि मी पुन्हा जिन्याखाली पोत्यात गेलो.

तो आवाज कुणाचा, हे मला विचारू नका. माझ्या सुकलेल्या सीलमधून तेल झिरपताना तसा आवाज होऊ शकतो. वजनाचे मात्र उत्तर माझ्यापाशी नाही. वजनात मी चुकत नाही.

अठरा वर्षे गेली. टिकली दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि तिने एक जुनी गाडी घेतली. एका रविवारी सायलेन्सरचा पट्टा तुटून तो जमिनीला घासू लागला. गॅरेजे बंद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिची कामाची पाळी. तिने जिन्याखालून मला ओढून काढले. आई बाहेर गेली होती. काका, म्हणजे तोच धाकटा, आत चहा करत होता. भर दुपार होती आणि रस्ता रिकामा होता.

खाण तशी माती. तिने हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, मला नेमक्या जागी सरकवले. सगळे बापासारखे, जणू तो शेजारी उभा राहून सांगत होता. फक्त घोड्या नव्हत्या. तिने इकडेतिकडे पाहिले आणि ती स्वतःशीच म्हणाली, "दोन मिनिटांचं तर काम आहे."

मित्रांनो, मी तेव्हा काय भोगले ते लोखंडालाच ठाऊक. तिने दांडा मारला. गाडी वर गेली आणि भार आला, गाडीचा आणि वर एका माणसाचा. माझे सील सुटत होते, तेल थेंबाथेंबाने मागे जात होते. दोन मिनिटेसुद्धा माझ्याच्याने धरवणार नव्हते. आणि ती जमिनीवर आडवी झाली. तिने टॉर्च काढली आणि दातांत धरली.

ओरडता आले असते तर मी गावभर ओरडलो असतो.

"हं," खालून आवाज आला.

टिकली थबकली. तिने तोंडातली टॉर्च काढली. ती उठून बसली, मग दोन पावले मागे सरकली. उन्हात तिच्या हातांवर काटा आलेला मला दिसत होता. बारीक आवाजात तिने विचारले, "खाली कोण?"

स्वयंपाकघरात कप फुटला.

उत्तर आले नाही. टिकलीने ओठ गच्च मिटून घेतले. तिने वाकून पाहिले, खाली रिकामे होते. तरी ती जागची हलली नाही. कुणीतरी बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली. आणि ती वाट बघत असतानाच माझे सील फाटले. तेल भसकन बाहेर आले आणि गाडी दाणकन खाली आपटली.

काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

"टिकले!" काका अनवाणी धावत आला. ती कुठे बसली आहे हे त्याला दिसलेच नाही. तो पालथा पडून गाडीखाली हात घालत होता आणि ओरडत होता, "टिकले! ए टिकले! बोल ना गं!"

"काका, मी इथे आहे. मागे बघा."

त्याने मागे पाहिले. मग तो तिथेच, माझ्या तेलात बसला.  टिकली बोलली. सात वर्षांच्या मुलीच्या आवाजात बोलली. "तेव्हा मी उत्तर दिलं होतं, काका. कोणी नाही म्हणाले मी. म्हणून तुम्ही दांडा फिरवलात. बाबा माझ्यामुळे गेले."

 अठरा वर्षे ही पोर हे ओझे वागवत होती, हे काकाला त्या क्षणी कळले. त्याचा चेहरा पार उतरला.

"वेडी का काय तू?" तो म्हणाला. "तुझा आवाज आला तेव्हा दांडा फिरवून झाला होता. मी थांबलोच नाही कुणासाठी. वाकलो नाही, बघितलं नाही. चूक माझी आहे, सगळीच्या सगळी माझी."

"खरं?"

"दादाची शपथ."

टिकली मोठ्याने रडली. इतके रडणे मी त्या घरात अठरा वर्षांत ऐकले नव्हते. काका तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता आणि त्याचा तेलकट हात तिच्या केसांना लागत होता.

मित्रांनो, तो खोटे बोलला. त्याचा हात माझ्या दांड्यावर होता, त्यामुळे मला पक्के माहीत आहे. आधी तिचा आवाज आला, मग तो हसला आणि मग दांडा फिरला. तो वाकला नाही, एवढेच त्याच्या बोलण्यातले खरे. पण तेवढे पुरे आहे. वाकून बघायचे काम त्याचे होते, सात वर्षांच्या मुलीचे नव्हते.

आता माझ्यात तेल नाही. घरात नवा जॅक आला आहे आणि त्याच्याबरोबर दोन भक्कम घोड्या. तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला पुसा, तेल बघा, गळत असेल तर तो वापरू नका. गाडी उचलायला त्याला जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर तिच्याखाली कुणी जाऊ नका, एका मिनिटासाठीसुद्धा. आणि खाली सोडण्याआधी वाका. गुडघे दुखत असले तरी वाका.

आणि हे जे मी तुम्हाला सांगितले, ते तुमच्यापाशीच राहू द्या. गेल्या रविवारी टिकली घोड्यांवर टेकलेल्या गाडीखाली शिट्टी वाजवत काम करत होती, आणि काका भिंतीजवळ उकिडवा बसून तिला पाने देत होता.