कुलूप नसलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या झाकणावर पूर्वी लाल कोटातला घोडेस्वार होता; आता घोड्याचे दोन पाय तेवढे उरले आहेत. माझी गोष्ट तुम्हाला आवडेलच असे नाही. तिच्यात माझाही थोडा दोष आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म बिस्किटांच्या कारखान्यात झाला. एका नाताळात मी कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावरच्या टर्न कोव्ह या खेड्यात आलो. बिस्किटे दोन दिवसांत संपली आणि सेल्बी राइडआउट या तांडेलाने मला आपल्या बोटीवर नेले.

तिथे माझे खरे आयुष्य सुरू झाले. बोटीवर पाय ठेवताच प्रत्येक खलाशी आपला परवाना, ओळखपत्र, हातातले घड्याळ तांडेलाच्या स्वाधीन करी. तांडेल ते माझ्यात ठेवी आणि झाकणावर सायकलच्या ट्यूबचा पट्टा ओढून बसवी. "माणूस भिजला तर वाळतो, कागद भिजला की गेला," असे तो म्हणे. एकदा लाटेने बोट निम्मी भरली. किनाऱ्याला लागल्यावर पाचही माणसे कुडकुडत उभी होती आणि माझ्यातले कागद कोरडे ठणठणीत होते. त्या हिवाळ्यात घरोघरी माझे कौतुक झाले. 'कागद धन्याच्या हाती द्यावा आणि निर्धास्त राहावे,' ही टर्न कोव्हची रीतच झाली. मी अभिमानाने फुगलो होतो, हे कबूल करतो.

पुढे समुद्रातला कॉड मासा संपत आला, सरकारने मासेमारी बंद केली आणि बोट विकली गेली. मी तांडेलाच्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीवर आलो. आता साऱ्या घराचे कागद माझ्यात राहू लागले.

तांडेलाची धाकटी मुलगी डल्सी चोवीस वर्षांची झाली तेव्हा तिने ऑस्ट्रेलियाला जायचे ठरवले. तरुण परदेशी मुलांना तिथे वर्षभर हिंडता-फिरता काम करू देणारा एक व्हिसा असतो. डल्सीने शेजारच्या गावातल्या वाचनालयात बसून अर्ज भरला. त्याची प्रत तिने माझ्यात ठेवली आणि हसत हसत निघून गेली. दोन महिन्यांनी तिचे पत्र आले. 'बाबा, मी फळांच्या मळ्यावर आहे. इथे मालक सगळ्यांचे पासपोर्ट आपल्याकडे ठेवतो, अगदी तुमच्यासारखे. काळजी करू नका.' तांडेलाने ते पत्र येईल त्याला वाचून दाखवले. आपल्या लेकीने आपली शिकवण पाळली म्हणून त्याची छाती भरून आली होती.

त्यानंतर पाच महिने पत्र नाही. मग एके दिवशी डल्सीच आली. तिच्या डाव्या हाताला दोन बोटे कमी होती. 'यंत्रात गेली, माझीच चूक,' एवढेच ती म्हणाली. माझ्यात ठेवायला तिच्याकडे पासपोर्ट नव्हता. सरकारी कचेरीने दिलेला एक तात्पुरता कागद होता. कोणी काही विचारले नाही. ते जुने पत्र मात्र तांडेल अजूनही अधूनमधून पाहुण्यांना वाचून दाखवी, आणि तेवढ्यापुरती डल्सी सरपण आणायला बाहेर जाई.

अशी सोळा वर्षे गेली. तांडेलाची नात केझिया बावीस वर्षांची झाली. तिचे आईवडील कामासाठी दूर अल्बर्टाला असल्याने ती आजोबांकडेच वाढली होती. गेल्या वसंतात ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. तोच देश, तोच व्हिसा. पासपोर्टची सगळी पाने ताडून पाहावी लागत, फोटो लागत, बँकेचा कागद लागे, आजारांची लांबलचक प्रश्नावली होती. टेबलावर काकवी घातलेल्या तळलेल्या पावाची बशी होती आणि केझिया चिकट बोटांनी कळा दाबत होती. कामही तिने आधीच शोधले होते. मळ्याच्या लोकांचा निरोप आला तो तिने मोठ्याने वाचला: अर्जाचा क्रमांक शुक्रवारपर्यंत कळवावा, आणि पोहोचल्याबरोबर मूळ पासपोर्ट कार्यालयात जमा करावा, तो सुरक्षित ठेवला जाईल.

तांडेल समाधानाने मान हलवून म्हणाला, "माणसं बरी दिसतात."

डल्सी भांडी घासत होती. तिचा हात पाण्यातच राहिला. मळा वेगळा होता, नाव वेगळे होते. वाक्य मात्र तेच होते. मला तेव्हाच भीती वाटली. पण डबा काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर दाट धुके होते. केझिया मासळीच्या कारखान्यात कामाला गेली होती आणि तांडेल खुर्चीत डुलक्या घेत होता. डल्सीने माझा पट्टा काढला, केझियाचा पासपोर्ट उचलला आणि पिठाच्या पिंपात खोल खुपसला. इतक्या वर्षांत माझ्यातून दुसऱ्याचा कागद कोणी नेला नव्हता.

संध्याकाळी केझियाने मला उघडले. "आजोबा, पासपोर्ट नाहीये."

"नीट बघ. या डब्यातून काही जात नाही."

त्याने मला टेबलावर तीनदा पालथे केले. मग आपणच कुठेतरी विसरलो असे वाटून तो लाकडांच्या छपरीत, रबरी बुटांत, पावाच्या पेटीत शोधू लागला. "पावाच्या पेटीत ठेवून तो फुगणार आहे का आजोबा?" असे केझिया म्हणाली, पण तिलाही हसू येईना. एक दिवस गेला, दोन गेले. हरवल्याची नोंद केली तर नवा पासपोर्ट मिळायला कित्येक आठवडे लागणार होते. म्हाताऱ्याने धक्क्यावर जाणे सोडले. तो तासन्‌तास माझ्याकडे बघत बसे, आणि ती नजर मला सहन होत नसे.

शुक्रवारी सकाळी तो म्हणाला, "फेकून द्या हा डबा. आणि मलाही कुठेतरी नेऊन ठेवा. ज्याला नातीचा एक कागद सांभाळता येत नाही तो कसला तांडेल?"

डल्सी उठली. तिने पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला. पीठ सगळीकडे सांडले.

"डब्याचा दोष नाही, बाबा. मी काढला होता."

"तू? आत्या, का गं?" केझियाचा आवाज चिरका झाला होता.

"तुझ्या भल्यासाठी," डल्सी म्हणाली, आणि जागच्या जागी थबकली.  "हेच. अगदी हेच म्हणायचा तो."

मग तिने सोळा वर्षांपूर्वीचे सारे सांगितले. मालकाकडे लोखंडी कपाट होते. महिनाभराने तिने पासपोर्ट मागितला तेव्हा तो म्हणाला, हरवशील, तुझ्या भल्यासाठीच ठेवला आहे. पुढे कामाचे तास वाढत गेले. दुसऱ्या वर्षाच्या परवानगीसाठी मळ्यावरच्या कामाचा दाखला लागे, आणि त्यावर सही त्याचीच. एका सकाळी दहा वाजता फळे पुढे सरकवणाऱ्या पट्ट्याच्या यंत्रात तिची बोटे गेली. इस्पितळात तिला संध्याकाळी सहाला नेले. आधी ट्रक भरला गेला, आणि 'चूक माझीच होती' असे तिच्याकडून लिहून घेतले गेले. त्यानंतर एके पहाटे ती अंगावरच्या कपड्यांनिशी तिथून चालत निघाली.

तांडेलाने टेबलावर सांडलेले पीठ तळहाताने एकत्र केले. मग म्हणाला, "मला का सांगितलं नाहीस?"

"काय सांगू, बाबा? तुमच्यावर विश्वास ठेवायची सवय होती, ती तिथं नडली, असं?" तिने आपल्या तीन बोटांच्या हाताने मला जवळ ओढले. "याला कधी कुलूप नव्हतं. ज्याचा कागद त्यानं हवा तेव्हा उचलावा. त्याच्या कपाटाला कुलूप होतं. मी तेवढंच बघायला हवं होतं."

मित्रांनो, मी आयुष्यभर माझ्या कोरडेपणाचा अभिमान बाळगला. आपल्याला कुलूप नाही, हाच आपला खरा गुण, हे मला त्या दिवशी कळले. पण टर्न कोव्हच्या लोकांना मी अर्धाच धडा दिला होता: कागद द्यावा एवढाच, तो हवा तेव्हा परत घेता यावा हा नाही.

केझियाने पासपोर्टवरचे पीठ बाहीने पुसले. मग तिने मळ्याला कळवले, 'पासपोर्ट मी स्वतःजवळच ठेवीन, हवी तर प्रत देईन.' दहा मिनिटांत उत्तर आले. एकच ओळ होती: तर मग येण्याची गरज नाही. 

तरीही केझियाने अर्ज पुरा करून पाठवला. कामाचा पत्ता नसताना ती निघाली, म्हणून मला आजही तिची काळजी वाटते. डल्सीने तिच्या कोटाच्या आत पासपोर्टपुरता खिसा शिवून दिला; दोन बोटांविना शिवायला तिला चार दिवस लागले. तांडेलाने माझ्यातले ते जुने पत्र काढले, एकदा मनातल्या मनात वाचले आणि चुलीत टाकले. आता मी रिकामाच असतो. पट्टाही तुटला आहे, कोणी नवा लावलेला नाही. मला त्याचे दुःख नाही.

तुम्हीही मोठे व्हाल, दूर देशी जाल. तुमचे कागद कोणी प्रेमाने सांभाळायला मागितले, तर आधी स्वतःच्या हाताने ते झाकण उघडून पाहा. उघडले नाही, तर तिथून निघा.

केझिया त्या मळ्यावर गेली नाही, पण तिथली जागा रिकामी राहिली नसेल. कुठल्याशा घरातल्या भल्या माणसाने आपल्या मुलीला सांगितले असेल की धन्यावर विश्वास ठेव, आणि तिने आज सकाळी आपला पासपोर्ट तिथल्या कपाटात ठेवायला दिला असेल.