बंद बसची बचत

रेल्वे पुढे सरकली तर त्याच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या. एक, विभागप्रमुखाची खुर्ची. साहेब निवृत्तीला टेकले होते, आणि लाइट रेल शहराबाहेरच्या वसाहतीपर्यंत न्यायचा अहवाल जो पास करून घेईल त्याचीच पाटी दारावर लागणार, हे शिपायालाही ठाऊक होतं. दुसरी, ताई. शेवटचं स्टेशन तिच्या दारासमोर येत होतं. आठवड्यातून तीनदा ती बसनं इस्पितळात डायलिसिसला जायची. 'रक्त धुवायला टाकून येते' म्हणायची. परतताना बसच्या धक्क्यांनी उलट्या व्हायच्या. स्वार्थ आणि परमार्थ एकाच रुळावरून धावायचा योग काही रोज येत नाही.

"लाइट म्हणजे हलकी ना रे?" ताईनं विचारलं. "मग एवढी महाग कशी?"

"रूळ टाकायचे, पूल बांधायचे, ताई."

"एवढं सगळं माझ्यासाठी? त्यापेक्षा बसमध्ये मांडीखाली घ्यायला एक उशी आण. स्वस्तात सुटशील."

ऑफिसात त्याला 'भागाकार' म्हणत. होणाऱ्या फायद्याला खर्चानं भागायचं. उत्तर एकाच्या वर आलं तर रेल्वे, खाली आलं तर फाइल कपाटात. पहिलं उत्तर खाली आलं. फायदा म्हणजे मुख्यतः लोकांचा वाचलेला वेळ, आणि नियमाप्रमाणे नोकरदाराचा तास पूर्ण किमतीचा, तर म्हाताऱ्यांचा, आजाऱ्यांचा, घर सांभाळणाऱ्या बायकांचा पाव किमतीचा. वसाहतीत भरणा नेमका याच पाववाल्यांचा.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे भागाकार, गाडी आल्यावर बस कशाला चालवायची? डिझेल वाचलं, ड्रायव्हरांचे पगार वाचले. धर की फायद्यात."

"पण गाडी आल्यावरच ना बंद, साहेब?"

"नाहीतर काय आधी? आपण खुळे आहोत का?"

तसं एक वाक्य त्यानं अहवालात टाकलंही: गाडी सुरू झाल्याखेरीज बस बंद करू नये. साहेबांनी त्यावर काट मारली. "अटी दिसल्या की पालिकेच्या सभेतले लोक बिचकतात. शेंबड्या पोरालाही कळतं ते लिहायचं कशाला?" त्यानं मान डोलावली. भागाकार एकाच्या जेमतेम वर गेला. सभेनं बाकं वाजवून ठराव मंजूर केला आणि महिन्याभरात तो साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसला.

मग खजिनदारांनी तिजोरी उघडून पाहिली. रूळ टाकायला पैसे नव्हते. ते 'पुढे पाहू'. बचत करायला मात्र पैसे लागत नाहीत. नव्या वर्षापासून बस बंद झाली.

तो धावत खजिनदारांकडे गेला.

"तुमच्याच अहवालात आहे, भाऊसाहेब," ते गोड आवाजात म्हणाले. "मंजूर झालेल्यातलं निम्मं तरी आम्ही करून दाखवलं. कौतुक करायचं सोडून भांडता काय?"

सुरुवातीला तो स्वतः ताईला आपल्या मोटारीनं नेऊ लागला. पण नव्या खुर्चीला बैठका फार. मग त्यानं टॅक्सीचे पैसे द्यायला सुरुवात केली. एके दिवशी इस्पितळातून नर्सचा फोन आला: बाई आताशा आठवड्यातून एकदाच येतात.

"पैसे पुरत नाहीत का?" त्यानं घरी जाऊन विचारलं. आवाज चढलाच.

"पुरतात रे." ताईचे पाय सुजून चपलेबाहेर आले होते. "परवा टॅक्सीत उलटी झाली. टॅक्सीवाल्यानं मला रस्त्यातच उतरवलं आणि माझ्या पदरानं सीट पुसून घेतली. बसमध्ये कंडक्टर पिशवी द्यायचा, वर म्हणायचा, घ्या मावशी, आज तिकिटावर फुकट." ती हसली, पण धापेनं हसू पुरतं झालं नाही. "दर वेळी नवा माणूस. लाज वाटते."

"उद्यापासून मी नेतो. बैठका गेल्या खड्ड्यात."

"ने की."

त्यानं नेलंही, तीन खेपा. चौथ्या खेपेला तो दारात उभा राहिला तेव्हा शेजारीण बाहेर आली आणि म्हणाली, पहाटेच नेलं त्यांना, छातीत पाणी भरलं होतं. इस्पितळात पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं.

पुढच्या बैठकीत रेल्वेचा फेरहिशेब निघाला. वसाहतीचे प्रवासी ताजे मोजायचे होते. त्यानं स्वतःच्या हातानं एक कमी केला. उत्तरात फरक पडला नाही, कारण तो तास पाव किमतीचाच होता. शहराचं डिझेल वाचलं, साहेबांचं पेन्शन सुरू झालं, खुर्ची त्याला मिळाली. रूळ वीतभरही पडला नव्हता, आणि या सगळ्याची किंमत एकट्या ताईनं भरली होती.