गळक्या डब्यातून निघालेली मुंगी

मी एक जुना पांढरा डबा आहे. हसू नका मित्रांनो, माझ्यात पीठ किंवा साखर कधीच नव्हती. मी मातीचा श्वास मोजायचो.

कारखान्यातून मी साधी बादली म्हणून बाहेर पडलो. प्रयोगशाळेतल्या ताईंनी मला आणि माझ्या जुळ्या भावाला उपडं केलं, बुडाला भोक पाडून बूच बसवलं आणि काठाला रबराची पट्टी लावली. भाऊ गेला रांगेत लावलेल्या झाडांच्या लागवडीत आणि मी शेजारच्या जुन्या जंगलात.

जंगलात जमिनीत एक कडं रोवलेलं होतं. त्यावर मला घट्ट बसवायचं आणि अर्ध्या तासात चार वेळा बुचातून सुई घालून आतली हवा काढायची. त्या हवेत मिथेन किती, ते ताई मोजत. मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू. मातीतले डोळ्यांना न दिसणारे जीव तो खातात. माझ्या पोटातला मिथेन कमी होत गेला, की समजायचं, माती जेवते आहे! त्या पानांखालच्या काळ्या मातीचं मला फार कौतुक वाटायचं. एवढं काम करते आणि हूं की चूं नाही.

मला पाठीवर वाहून नेत ते वनरक्षक मामा. ते फळी टाकून तिच्यावरूनच चालत, कारण पाय पडला की मातीतली हवा दाबली जाऊन बाहेर येते. शिंक आली तरी आधी लांब जात. इतकं जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण जपणाऱ्याच्या हातूनही चुकतं. भाऊ रस्त्याजवळ होता, त्याचं रबर वेळच्या वेळी बदललं जाई. माझ्यापर्यंत मात्र दोन तासांची चढण. मामा म्हणत, चालतंय ना, पुढच्या खेपेला बघू. ताईही हो म्हणत. माझं रबर चिरलं, बाहेरची हवा आत येऊ लागली आणि मिथेन कमी होताना दिसेचना. उलट भावाचे आकडे बरे येत. जंगलाची माती काही खात नाही, असा अहवाल तयार होऊ लागला. तो ताईंच्या वरच्या साहेबांकडे गेला असता, तर जंगल तोडून तिथेही रांगेची झाडं लागणार होती. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बसलो तिच्यावरच होतो, पण बोलणार कसा?

शेवटच्या मोजणीच्या दिवशी मला जमिनीतल्या कड्यावर बसवून दोघं वाट पाहत होती. माझ्या काठाखालून एक मुंगी आरामात बाहेर आली. मामांनी वाकून माझ्या काठाखाली पाहिलं. चूक त्यांचीही होती, गप्प बसणं सोपं होतं. पण ते म्हणाले, "ताई, मुंगी बाहेर येते, तर हवा आत का नाही जाणार? रबर मी बदललं नाही."

ताईंनी मला उचललं, चिरेवरून बोट फिरवलं आणि तिथेच वहीतल्या सहा महिन्यांच्या आकड्यांवर काट मारली. मग खाली येऊन त्यांनी साहेबांना फोन केला आणि सांगितलं, "चूक माझी आहे. मला परत मोजायचंय." साहेब फार रागावले, पण मुदत दिली.

नवं रबर लागलं. पुढचे सहा महिने दोघं दर आठवड्याला चढण चढली. माती माझ्या पोटातला मिथेन खात होती, भावाकडच्या मातीच्या दुपटीहून जास्त. जंगल राहिलं.

आता मोजायला आपोआप उघडणारी यंत्रं आली आहेत. मी अडगळीच्या खोलीत जुन्या झाडूंशेजारी पडून असतो, अंगावर बोटभर धूळ. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण निवृत्त झालेले मामा अधूनमधून येतात, फडक्याने माझं रबर पुसतात आणि मला परत जागेवर ठेवून जातात.

मित्रांनो, वस्तूंना जपा, पुढच्या खेपेवर ढकलू नका. आणि कधी मुंगी बाहेर येताना दिसली, तर चूक तुमची असली तरी बोला. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.